छत्तीस मुलं, चार कलाकृती : औंधच्या संग्रहालयाची सहल अशी जमवली

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला (ग्रेड) परीक्षांना बसणारी मुलं वर्षभर वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र काढत असतात. पण बहुतेकांनी भिंतीवर टांगलेलं मूळ तैलचित्र कधीच पाहिलेलं नसतं. पाहिलेलं असतं ते पुस्तकातलं, नाहीतर मोबाईलवरचं. सातारा जिल्ह्यातल्या शाळेला त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. खटाव तालुक्यातल्या औंधला, यमाईच्या डोंगरावर, श्री भवानी संग्रहालय आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ मध्ये उभं केलं. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. राजा रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर अशा चित्रकारांचं काम तिथं आहे, आणि हेन्री मूर या इंग्लिश शिल्पकाराचं ‘माता आणि बालक’ हे दगडी शिल्पसुद्धा. संग्रहालय आता राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे.

आठवी-नववीची ३६ मुलं, चार शिक्षक आणि एक सेविका एवढ्यांची ही सहल सप्टेंबरात ठरली आणि डिसेंबरात झाली. मधले तीन महिने कशात गेले आणि त्या दिवशी संग्रहालयात नेमकं काय केलं, ते क्रमाने लिहीत आहोत. दुसऱ्या शाळेला हे सोपं जावं एवढ्यासाठीच.

सगळ्यात आधी तारीख. सहलींचा हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी. ग्रेड परीक्षा साधारणपणे त्याआधी आटोपलेल्या असतात, त्यामुळे मुलं मोकळी असतात. पण औंधला पौष महिन्यात यमाईची यात्रा भरते. त्या दिवसांत रस्ता, वाहनतळ, पाणी सगळ्यावर ताण असतो, म्हणून पौष टाळायचा. शासकीय संग्रहालयांना बहुधा सोमवारी सुट्टी असते, सार्वजनिक सुट्ट्या वेगळ्या. शनिवार-रविवारी देवीला येणारे भाविक संग्रहालयातही डोकावतात. हे सगळं वगळलं की मंगळवार ते शुक्रवार उरतो. मार्गशीर्षात मंगळवार आणि शुक्रवारही देवस्थानाच्या गर्दीचे, म्हणून आम्ही डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातला बुधवार धरला.

दुसरं काम, संग्रहालय चालू आहे ना याची खात्री. जुन्या संग्रहालयांत दालनं दुरुस्तीसाठी, नव्या मांडणीसाठी बंद होतात. इमारत उघडी असते, पण ज्या चित्रासाठी जायचं तेच दालन बंद असतं, असंही घडू शकतं. फोनवर “चालू आहे का” एवढंच विचारून भागत नाही. “अमुक तारखेला चित्रांची सगळी दालनं उघडी असतील का” असं विचारावं.

मग अभिरक्षकांना, म्हणजे संग्रहालय सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांना, पत्र. ते मुख्याध्यापकांच्या सहीने, जावक क्रमांक घालून, शाळेच्या लेटरहेडवर पाठवलं. पत्रात शाळेचं नाव, इयत्ता, मुलगे आणि मुली वेगळे मोजून, सोबतचे शिक्षक, तारीख, पोचण्याची आणि निघण्याची वेळ आणि तीन स्पष्ट विनंत्या होत्या: सुरुवातीला वीस मिनिटं कुणी माहिती सांगावी, मुलांना पेन्सिलीने रेखाटन करू द्यावं, आणि शालेय गटाला तिकिटात सवलत असेल तर ती मिळावी. रेखाटनाची परवानगी लेखी मागणं महत्त्वाचं. ती ऐनवेळी तोंडी मागितली तर दारावरचा कर्मचारी “साहेबांना विचारावं लागेल” म्हणणार, आणि त्याचं म्हणणं बरोबरच असतं. पत्राची पोच घ्या. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर दुसरं पत्र पाठवण्यापेक्षा पहिल्याचा जावक क्रमांक सांगून फोन करा.

पत्र गेल्यावर दोन शिक्षक साध्या दिवशी, साधं तिकीट काढून औंधला जाऊन आले. या पूर्वपाहणीला पर्याय नाही. चित्रं बघणं हा तिचा एक भाग. उरलेला वेळ जागा मोजण्यात जातो. मोठी बस डोंगरावर कुठवर जाते, वळते कुठं? मुलींसाठी स्वच्छतागृह किती, पाणी असतं का? दप्तरं ठेवायला जागा आहे की बसमध्येच ठेवायची? कोणत्या चित्रासमोर नऊ मुलं अर्धगोलात उभी राहू शकतात आणि कुठं दारातली वाट अडते? दहा-साडेदहाच्या सुमारास कोणत्या चित्राच्या काचेवर उजेड येऊन चित्राऐवजी स्वतःचाच चेहरा दिसतो? शेवटचा प्रश्न गमतीचा वाटेल, पण काचेवरची चकाकी हे गटाने चित्र पाहण्यातलं सगळ्यात मोठं विघ्न आहे. एकटा माणूस दोन पावलं सरकून चित्र बघतो. नऊ जणांच्या गटात मात्र मधली तीन मुलं बघतात आणि कडेची सहा कंटाळतात.

याच फेरीत चार कलाकृती निवडल्या. संग्रहालयात पाहण्यासारखं शेकड्यांनी आहे, म्हणून निवड करवत नाही. तरी ती करावीच लागते. सगळं दाखवायचं ठरवलं की मुलं चालत राहतात आणि पाट्या वाचत राहतात. रविवर्म्यांची ‘सैरंध्री’, बाळासाहेबांच्या स्वतःच्या हातचं एक पौराणिक चित्र, मूरचं शिल्प, आणि बारीक कोरीवकामाची एक वस्तू, अशा चार थांब्यांचा कागद तयार केला. तैलरंग, कथाचित्र, दगड, कोरीवकाम. चारही एकमेकांपासून पुरेशी लांब, म्हणजे एका गटाचा आवाज दुसऱ्याला लागत नाही. प्रत्येक थांब्याला जवळपासची एक पर्यायी कलाकृतीही लिहून ठेवली. एखादी वस्तू त्या दिवशी जागेवर नसेल, तर तिथं उभं राहून विचार करायला वेळ नसतो.

आता कागदपत्रं. माध्यमिक शाळेचा सहलीचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयात जातो. सोबत शाळा समितीचा ठराव, मुलांची यादी, प्रत्येक पालकाचं संमतीपत्र, सोबतच्या शिक्षकांची नावं आणि संपर्क, जाण्यायेण्याचा मार्ग आणि वेळापत्रक, वाहनाचा तपशील, प्रथमोपचाराची सोय. दहा मुलांमागे एक शिक्षक आणि मुली असतील तर शिक्षिका हवीच. मुरूडच्या समुद्रात २०१६ मध्ये सहलीला गेलेले विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून या अटी काटेकोरपणे पाहिल्या जातात, आणि पाहायलाच हव्यात. वेळापत्रकात नदी, तलाव, धरण यांतलं काहीही नाही हे स्पष्ट लिहिलेलं बरं.

प्रस्ताव परत येतो तो बहुधा तीन कारणांनी: यादीतला आकडा आणि संमतीपत्रांची संख्या जुळत नाही, मार्ग “शाळा ते औंध व परत” एवढाच लिहिलेला असतो, मधली गावं नसतात, किंवा वाहनाचा कागद लागलेला नसतो. तिसऱ्यात एक पेच आहे. एस.टी.चं आरक्षण पक्कं करायला आगारात परवानगीपत्र मागतात, आणि परवानगीच्या प्रस्तावाला वाहनाचा तपशील हवा. तो असा सुटतो: आगार व्यवस्थापकांना प्रासंगिक कराराचा, म्हणजे अख्खी बस भाड्याने घेण्याचा, मागणीअर्ज आधी द्यायचा, त्याची पोच आणि अंदाजित भाड्याचा कागद प्रस्तावाला जोडायचा, परवानगी आली की तिची प्रत देऊन पैसे भरायचे. परवानगी हातात येईपर्यंत तीन आठवडे धरून चला. दिवाळीची सुट्टी मध्ये आली तर पाच.

वाहन एस.टी.चंच घ्यावं हे आमचं ठाम मत. शालेय सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत आहे, चालक रस्त्याचा सराव असलेला असतो, आणि गाडीच्या कागदपत्रांची काळजी शाळेला करावी लागत नाही. भाडं किलोमीटरवर निघतं. आगारातून शाळेपर्यंतचं रिकामं अंतरही त्यात धरलं जातं आणि दिवसाला किमान किलोमीटरची अट असते. त्यामुळे जवळच्या सहलीचा दर डोई खर्च अंतराच्या मानाने जास्त वाटतो. पालकसभेत हे आधीच सांगितलेलं चांगलं. खर्चात सगळ्यात मोठा वाटा बसचाच असतो. तिकिटं, कागद-पेन्सिली, प्रथमोपचार, फोटोप्रती हे सगळं मिळून त्याच्या पाव भागापेक्षाही कमी भरलं. जेवण घरचे डबे. ज्या घरांना वर्गणी जड होती तिथं शाळेच्या विद्यार्थी कल्याण निधीतून रक्कम भरली, आणि कोणाची भरली हे वर्गात कळू दिलं नाही.

सहलीआधी तीन तासिका तयारीला दिल्या. सहल वसूल होते ती इथं. पहिल्या तासाला एक छापील चित्र फळ्यावर लावलं आणि तीन मिनिटं कोणी बोलायचं नाही असं ठरवलं. तीन मिनिटं मुलांना फार लांब वाटतात. पहिल्या मिनिटाला चुळबुळ होते, तिसऱ्या मिनिटाला कुणाला तरी कोपऱ्यातलं मांजर दिसतं. मग “काय दिसतं” आणि “काय वाटतं” हे वेगवेगळ्या रकान्यांत लिहायचं. “ती दुःखी आहे” हे वाटणं. “तिची नजर खाली आहे, खांदे आत ओढलेले आहेत” हे दिसणं.

दुसऱ्या तासाला विराटपर्वातली गोष्ट. द्रौपदी सैरंध्री होऊन विराटाच्या राणीकडे राहते, कीचकाची नजर तिच्यावर पडते, राणी तिला त्याच्याकडे पाठवते. गोष्ट माहीत असली की चित्रासमोर ती सांगण्यात वेळ जात नाही आणि चित्रकाराने गोष्टीतला नेमका कोणता क्षण निवडला हा प्रश्न लगेच विचारता येतो. त्याच तासाला घरातल्या देवाच्या तसबिरी आणायला सांगितल्या. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. तसबिरीवर भिंग धरलं की छपाईचे ठिपके दिसतात. मूळ तैलचित्रात ते नसतात, तिथं ब्रशची ओढ असते. ठिपके आणि ओढ यांतला हा फरक मुलांनी औंधला स्वतःहून शोधला.

तिसऱ्या तासाला वागण्याचे नियम, पण कारणांसकट. हात लावायचा नाही, कारण बोटांवरचा घाम आणि तेल दगडावर, प्लॅस्टरवर, चौकटीवर राहतं आणि वर्षानुवर्षांनी तिथं काळा डाग दिसतो. फ्लॅश नाही, कारण जलरंग उजेडाने फिके पडतात. पेन नाही, फक्त पेन्सिल. पेनची शाई उडाली तर निघत नाही. चित्रापासून एक हात अंतर, आणि बोट दाखवायचं ते हात पाठीमागे बांधून, शब्दांनी: “उजवीकडे वर, पडद्याच्या घडीजवळ.” याने भाषाही सुधारते.

आणखी एक गोष्ट याच तासाला बोलून टाकावी. पाश्चात्त्य धाटणीच्या चित्र-शिल्पांच्या संग्रहात नग्न आकृत्या असू शकतात. आठवी-नववीची मुलं हसणारच. शिक्षकांनी ऐनवेळी डोळे वटारले की तेवढीच एक गोष्ट मुलांच्या लक्षात राहते. मानवी शरीराचा अभ्यास हा चित्रकाराच्या शिक्षणाचा पाया आहे, कलामहाविद्यालयात समोर माणूस बसवून रेखाटन करतात, हे वर्गात सरळ आवाजात सांगितलं की पुढं अडचण येत नाही. पालकसभेतही याचा उल्लेख करावा.

प्रत्यक्ष दिवशी बस सातला निघाली. पोटभर नाश्ता करून या, हे दोनदा बजावलं होतं. घाटवळणाच्या रस्त्याला उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास द्यावी लागते, बसमध्ये दिलेली उपयोगी पडत नाही. पोचल्यावर पहिलं काम स्वच्छतागृह आणि पाणी. यात ३६ मुलांची पंचवीस मिनिटं जातात, ती वेळापत्रकात धरा. दप्तरं, डबे, बाटल्या बसमध्येच. आत फक्त रेखाटनाचा पुठ्ठा, चार कागद, दोन टोकदार पेन्सिली. टोकयंत्र शिक्षकाकडे, नाहीतर दालनात पेन्सिलीचा कचरा होतो.

तिकीटखिडकीवर परवानगीची प्रत, मुलांची यादी आणि शाळेचं पत्र एकत्र लागतं. तिन्ही एका फायलीत वरच्या वर ठेवा. पावती शाळेच्या नावाने मागा, हिशेबाला लागते.

सुरुवातीची माहिती सगळ्यांना एकत्र, इमारतीबाहेर सावलीत. आत छत्तीस जणांना उभं करून बोललं तर मागच्या दोन रांगांना काही ऐकू येत नाही आणि आवाज घुमतो. माहिती सांगणाऱ्यांना आधीच नम्रपणे विनंती केली होती की संग्रहालय कसं उभं राहिलं एवढंच सांगावं, चित्रांबद्दल नंतर. संस्थानाच्या छोट्या गावात, डोंगरावर, राजाने लोकांसाठी चित्रं आणून ठेवली. त्याच राजाने त्याच सुमारास आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. हे दोन्ही एकाच माणसाचं काम आहे, हे औंधच्या मातीवर उभं राहून ऐकणं मुलांच्या हक्काचंच आहे.

मग नऊ-नऊचे चार गट, प्रत्येकाबरोबर एक शिक्षक. सेविका दारापाशी, बाहेर जाणारं मूल तिला सांगून जाणार. प्रत्येक गट वेगळ्या थांब्यावरून सुरू, सगळे एकाच दिशेने फिरणार. दिशा उलटसुलट ठेवली की गट दारात एकमेकांना धडकतात. एका थांब्याला पंधरा मिनिटं: तीन मिनिटं शांतपणे बघणं, सात मिनिटं बोलणं, पाच मिनिटं रेखाटन. चारही शिक्षकांची घड्याळं बसमध्येच जुळवून घेतली होती. शिट्टी किंवा हाक नाही. बदलायला दोन-तीन मिनिटं, म्हणजे एकूण सत्तर मिनिटं. त्यापलीकडे या वयाच्या मुलांचं लक्ष टिकत नाही, पाय दुखायला लागतात. मोठ्यांचंही फार वेगळं नाही.

शिक्षकाने चित्रासमोर नाही, चित्राच्या कडेला, अर्धं तोंड मुलांकडे करून उभं राहायचं. उंचीने लहान मुलं पुढं, जमिनीवर बसलेली. ‘सैरंध्री’समोर आधी तीन-चार मीटरवरून पाहिलं, मग तीन-तीन जण एका मीटरपर्यंत जवळ. लांबून जरीचा काठ चमकतो. जवळ गेल्यावर तिथं सोनं नसतं, पिवळ्या-तपकिरी रंगावर ठेवलेले फिकट फटकारे असतात. हा शोध मुलांनी लावायचा असतो. शिक्षकाने तो आधी सांगून टाकला की जवळ जाण्यात अर्थ राहत नाही.

मूरच्या शिल्पापाशी शांतता सगळ्यात अवघड गेली. शिल्प लहान आहे, नाक-डोळे रेखीव नाहीत, आणि मुलांना ते अपुरं वाटतं. इथं “हे थोर शिल्पकाराचं आहे” हे वाक्य अजिबात वापरायचं नाही. विचारायचं: आई कुठं संपते आणि मूल कुठं सुरू होतं? दगड कुठं गोल आहे, कुठं चपटा? मूर सुरुवातीच्या काळात मातीचा नमुना न करता थेट दगडात कोरत असे. पाथरवट पाटा घडवतो तसंच. दगड जेवढी मुभा देईल तेवढाच आकार. हे सांगितल्यावर ज्यांनी घरी पाथरवटाचं काम पाहिलेलं होतं ती मुलं बोलू लागली.

कोरीवकामाच्या थांब्याला वेगळी अडचण असते. वस्तू पेटीत, लहान, आणि नऊ डोकी एका काचेवर. तीन-तीनचे उपगट करा, बाकीच्यांनी तोवर आधीच्या थांब्याचं रेखाटन पुरं करायचं.

गट-फेरी संपल्यावर अर्धा तास मोकळा दिला. प्रत्येकाने आवडेल त्या एकाच वस्तूसमोर बसायचं आणि काढायचं. कुणी धुरंधरांच्या चित्रासमोर बसलं, कुणी पुन्हा मूरपाशी गेलं. या अर्ध्या तासात शिक्षकांनी बोलू नये. निघताना प्रत्येक दालनात पेन्सिली, कागद राहिले नाहीत ना ते बघावं, आणि मोजणी बाहेर आल्यावर नाही, आत असतानाच करावी.

डबे दीडला. त्यानंतर यमाईचं दर्शन, मग परत. आणखी दोन ठिकाणं “वाटेतच आहेत” म्हणून जोडण्याचा आग्रह पालकांकडून आणि कधी शाळेतूनही होतो. तो मानू नये. दिवसाला चार ठिकाणं केली की संग्रहालयाला चाळीस मिनिटं उरतात, आणि तेवढ्यात फक्त जिने होतात. साडेपाचला सगळी मुलं शाळेच्या फाटकात पालकांच्या ताब्यात दिली, सह्या घेतल्या.

सहलीनंतरचं काम आठवडाभरात उरकावं. शिक्षणाधिकारी कार्यालयाला सहल सुखरूप पार पडल्याचा एक पानी अहवाल, हिशेब आणि पावत्या शाळा समितीपुढं, उरलेले पैसे पालकांना परत, संग्रहालयाला आभारपत्र आणि सोबत मुलांच्या रेखाटनांच्या प्रती. मुलांना एकच गृहपाठ दिला: चित्र न पाहिलेल्या घरातल्या एका माणसाला ते शब्दांत सांगा, आणि त्याने विचारलेले प्रश्न लिहून आणा. आजी-आजोबांनी विचारलेल्या प्रश्नांवर पुढच्या दोन तासिका चालल्या.

मोठ्या माणसांचा गट, उदाहरणार्थ ज्येष्ठ नागरिक संघ, नेणार असाल तर शिक्षण विभागाची परवानगी लागत नाही, पण संग्रहालयाला पत्र तसंच द्यावं. गट बाराचा चालतो. चढ, पायऱ्या आणि बसायची सोय आधी पाहावी, घडीच्या हलक्या खुर्च्या नेऊ देतील का ते पत्रातच विचारावं. तीन थांबे पुरतात, कारण मोठी माणसं प्रत्येक थांब्यावर जास्त बोलतात.

पत्रांचे मसुदे, संमतीपत्राचा नमुना, थांब्यांचा नकाशा, गट-फेरीचा तक्ता आणि खर्चाचा हिशेब एका फायलीत लावून ती शाळेच्या कपाटात ठेवली आहे. पुढच्या वर्षीच्या शिक्षकांनी तारखा बदलून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अभिरक्षकांना पत्र धाडायचं.